गुपित कुठं पुरायचं: गोदीत, बोटीवर की पलटणीत?

भाचीला कादंबरी लिहायची आहे. दुसऱ्या महायुद्धातली मुंबई, एका घराच्या तीन पिढ्या आणि आजीने मरेपर्यंत न सांगितलेली एक गोष्ट, एवढं तिचं पक्कं आहे. गाडी अडलीय ती एकाच ठिकाणी. ही न सांगितलेली गोष्ट युद्धातल्या कुठल्या प्रसंगाला बांधायची? तिच्या वहीत चार नावं आहेत: १९४४ चा गोदीतला स्फोट, समुद्रात बुडालेल्या बोटी, आझाद हिंद सेना आणि १९४६ चं नाविकांचं बंड. "मावशी, तू एवढी पुस्तकं तपासलीस, तूच सांग," म्हणाली.

पुस्तकं तपासली म्हणजे मी पंचवीस वर्षं मुद्रितशोधन केलं. त्यात या जातीच्या कादंबऱ्या बऱ्याच हाताखालून गेल्या. माळ्यावर ट्रंक, ट्रंकेत लुगड्यांखाली पत्रांचा गठ्ठा, पत्रं वाचता वाचता नातीच्या डोळ्यांत पाणी. गुपित बहुतेक वेळा दणकट असायचं, पण ते इतकी वर्षं लपवलं का, हे काही केल्या कळायचं नाही. आजीने साठ वर्षं तोंड शिवून घेतलं ते काय लेखकाचं शेवटचं प्रकरण रंगावं म्हणून? म्हणून चारही प्रसंगांना मी एकच प्रश्न विचारते. घर गप्प राहिल्याने कुणाची सोय झाली, आणि ती सोय किती वर्षं टिकली?

स्फोटाकडे सगळ्यांचाच हात आधी जातो. माझाही गेला होता. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाची बोट लागलेली, पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, त्यांच्या संगतीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या, आणि वर सोन्याच्या विटा. दुपारी कापूस धुमसायला लागला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादऱ्याची नोंद पार शिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या आठवणीत. एकूण किती माणसं गेली याचे आकडे ८०० पासून १३०० पर्यंत सांगितले जातात. ही मधली पाचशे माणसं कादंबरीकाराला मोकळं रान देतात.

माझी आजी तेव्हा मांडवीला राहायची. तिने ही गोष्ट मला शंभरदा सांगितली असेल, आणि दर वेळी ती पापडांपासून सुरू व्हायची. एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस. गच्चीवर जुन्या धोतरावर उडदाचे पापड घातलेले, कडेला दगड ठेवलेले. मोठा आवाज झाला, खालच्या मजल्याच्या काचा गेल्या, आणि थोड्या वेळाने वरून पेटता कापूस पडायला लागला. "आम्ही पापड गोळा करत होतो गं. जीव नाही, पापड!" असं म्हणून ती हसायची. त्या दिवशी घरात कोण कोण होतं, असं विचारलं की पुन्हा पापडांवर यायची. लहानपणी मला ते गमतीचं वाटायचं. पुढे वाटेनासं झालं.

आता कसोटी लावू. सरकार गप्प होतं, कारण युद्धाची सेन्सॉरशिप. बातमी मोकळेपणाने छापायला मेचा दुसरा आठवडा उजाडला. त्याआधीच जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती जगाला सांगून टाकली होती. पण हे झालं सरकारी मौन, ते महिन्याभरात संपलं. घराला गप्प बसायचं काय कारण? लोक चटकन सोन्याकडे वळतात. मीही वळले होते. चाळीतल्या कुटुंबाला वीट सापडते, ती चुलीखाली पुरतात, अशी दोनशे पानं लिहून झाली आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वीट बारा किलोच्या वरची. ती घेऊन झवेरी बाजारात कुणाच्या पेढीवर जाणार? ओट्यावर ठेवून "जरा वितळवून द्या" म्हणणार? खरी घटना माझ्या कल्पनेपेक्षा साधी निघाली. एक वीट उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्यांनी ती सरळ परत केली. बऱ्याच वर्षांनी बंदरातला गाळ उपसताना आणखी विटा निघाल्या. ती दोनशे पानं अजून कपाटात आहेत.

स्फोटाचं खरं दुखणं वेगळंच आहे. तो अपघात आहे. त्यात कुणी काही ठरवत नाही, आणि घरातलं गुपित कुणाच्या तरी ठरवण्यातून जन्मतं. मूल हरवलं हा अपघात. दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून नोंदवलं हा निर्णय. म्हणजे पेन रोखायचं ते चार वाजल्याच्या धुरावर नको, पुढच्या महिन्यांतल्या निवाऱ्यांवर आणि नुकसानभरपाईच्या अर्जांवर हवं. अर्जात कुणाचं नाव घातलं, कुणाचं वगळलं, मृत म्हणून कुणाला लिहिलं.

बोटींकडे वळले की मात्र माझा तोल जातो, हे आधीच सांगून ठेवते. २० नोव्हेंबर १९४२ ला 'तिलावा' ही बोट मुंबईहून आफ्रिकेला निघाली. बोटीवर प्रवासी आणि खलाशी मिळून ९५८ माणसं होती. तिसऱ्या दिवशी जपानी पाणबुडीने तिला बुडवलं. २८० गेले. वाचलेले बहुतेक लोक २७ तारखेला दुसऱ्या बोटीने परत मुंबईच्याच धक्क्याला लागले. बोटीत दक्षिण आफ्रिकेची चांदीही होती. ती २०१७ मध्ये समुद्राच्या तळातून काढली गेली आणि तिच्या मोबदल्याचा खटला २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. चांदीला वाली मिळाला. माणसांची नावं मात्र घरोघरच्या भिंतींवरच्या फोटोंत राहिली.

अशा बोटी त्या काळात एक-दोनच बुडाल्या नाहीत, आणि त्यांवर सारंग, तांडेल, आगवाले म्हणून कोकणातली माणसं होती. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळीच. गावी बायको, मुंबईत दहाजणांत मिळून एक खोली, आणि मधे मनीऑर्डर. बोट बुडाली की मनीऑर्डर थांबते. मग कधीतरी तार येते, इंग्रजीत. गावात इंग्रजी वाचणारा एकच, शाळेचा मास्तर. तार पहिल्यांदा कळते ती त्याला. तो 'बेपत्ता' वाचतो. खाली ओटीवर बसलेल्या बाईला काय सांगतो? इथे एक माणूस काहीतरी ठरवतो आणि गुपिताला पाय फुटतात. तिने कुंकू पुसायचं की ठेवायचं? बेपत्ता नवऱ्याच्या बाईला दीर जमिनीत वाटा देईल का? तो मेला म्हटलं तर एक पंचाईत, जिवंत म्हटलं तर दुसरी. आणि खरोखरच जिवंत असला, आफ्रिकेच्या कुठल्या बंदरात दुसरं बिऱ्हाड थाटून बसला असला, तर पैसे कुणाच्या नावाने येणार?

या गप्प बसण्याची सोय पेन्शनीपुरती नाही, जमिनीपर्यंत जाते. म्हणूनच ती तीन पिढ्या पुरते. आजोबांच्या नावावरचा सातबारा तसाच राहतो, वारसनोंद कुणी करत नाही, कारण केली तर नावं लिहावी लागतील. मग महामार्गाला जमीन जाते किंवा कुणी रिसॉर्टवाला येतो, आणि नातू डोंबिवलीहून सुट्टी काढून तलाठ्याकडे जातो. जुना फेरफार काढतात. त्यात आजीच्या नावाखाली एक ओळ जास्त असते. ट्रंक आणि पत्रांपेक्षा हा कागद मला शंभरपट आवडतो, कारण तो भावनेने लिहिलेला नाही. शिवाय त्या काळच्या किती बायकांना पत्र लिहिता येत होतं? आजीची सुवाच्य, रसाळ पत्रं सापडली की मी मुद्रितावर समासात प्रश्नचिन्ह करायचे. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, म्हणजे ते लिहिणारा गुपितातला भागीदारच.

बोटींची अडचण म्हणजे मेहनत. स्फोटावर छापील मजकूर भरपूर आहे, खलाशांवर तुटपुंजा. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या युद्धातल्या नाविक-खलाशांची नावं स्मृतिग्रंथात आहेत. नावं मिळतात, माणसं आपल्याला उभी करावी लागतात. कुणाला हे ओझं वाटेल, मला सूट वाटते.

आझाद हिंद सेनेचा पर्याय घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ही मुळात मुंबईची गोष्ट नाही. सिंगापूर फेब्रुवारी १९४२ मध्ये पडलं, तिथे पकडलेल्या हिंदी सैनिकांतून सेना उभी राहिली. तिच्या वरच्या अधिकाऱ्यांत सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले होते, त्यामुळे मराठी धागा आहे. युद्धानंतर इंग्रजांनी परतलेल्या सैनिकांची, साहेबाशी निष्ठा किती उरली यावरून, पांढरे, करडे आणि काळे अशी वर्गवारी केली. काळ्यांत पडला त्याची नोकरी गेली आणि थकलेला पगारही बुडाला. घर गप्प बसायला हे सणसणीत कारण आहे. त्यात सातारा जोडला तर बहारच. एक भाऊ मराठा पलटणीत इटलीत लढतोय आणि दुसरा क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पत्री सरकारात रात्री डोंगर तुडवतोय. आईने गावात कुणाचं नाव घ्यायचं आणि कुणाचं गिळायचं? मनीऑर्डर येते ती तर साहेबाच्या पैशाची.

पण १९७२ साल आलं की या गुपिताची हवा जाते. त्या वर्षी स्वातंत्र्यसैनिकांची केंद्राची पेन्शन सुरू झाली. जे आजवर दडवायचं, ते आता सांगायचं झालं. दाखले गोळा करायचे, साक्षीदार शोधायचे. तुमची तिसरी पिढी त्यानंतर जन्मलेली असेल तर तिला हे गुपित म्हणून नाही, दिवाणखान्यातल्या सन्मानपत्रातून कळेल. यावर एक तोड आहे आणि ती मला मूळ कल्पनेपेक्षा सरस वाटते. सन्मानपत्र खोटं निघू दे. 'बोगस स्वातंत्र्यसैनिक' हा शब्द आपल्याकडे उगाच रूढ झालेला नाही. आजोबा त्या काळात नेमके कुठे होते, हे आजीला ठाऊक आहे आणि पेन्शन तिच्याच औषधांवर खर्च होतेय.

नाविकांच्या बंडाबद्दल थोडक्यात. १८ फेब्रुवारी १९४६ ला 'तलवार' या किनाऱ्यावरच्या तळावर सुरुवात, २३ तारखेला शरणागती. पाच-सहा दिवसांत सगळी मुंबई पेटली, गिरणगावात संप झाला, परळला गोळीबारात कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या. शहराच्या दृष्टीने याहून भरलेला प्रसंग नाही. मात्र घटनाच इतकी उघड्यावरची की लपवायला कोपरा सापडत नाही. काढून टाकलेल्या नाविकांना स्वातंत्र्यानंतरही नौदलात परत घेतलं नाही, ती सल आहे, पण सल आणि गुपित वेगळं. इथे लिहायचंच असेल तर त्या दिवशी संपात न गेलेल्या गिरणी कामगाराचं घर घ्या.

मांडणीचा प्रश्नही भाचीने विचारला. आजची नात आणि कालची आजी अशी आलटूनपालटून प्रकरणं करावीत, की सरळ १९४२ ते ४६? मी सरळच्या बाजूची. नातीच्या प्रकरणांत बहुधा घटस्फोट, कॉफी आणि गुगल एवढंच घडतं, आणि वाचक ती पानं उलटून आजीकडे पळतो. नात हवीच असेल तर तिला तलाठी कार्यालयात पाठवा, तिथे तरी काही घडेल.

तेव्हा भाचीला मी काय सांगितलं? डोंबिवली ते चर्चगेट रोज करून लिहायला तिला रविवारच मिळतो, हे धरून सांगितलं. गुपित बोटीवरचं घे. स्फोट सोडू नकोस, पण त्याचा वापर सबब म्हणून कर. नवरा १९४२ मध्ये बेपत्ता झालाय, दीड वर्ष बाई मधल्यामधे लटकलीय, आणि १४ एप्रिल येतो. गोदीत कोण कोण मेलं हे कुणालाच नीट ठाऊक नाही. "ते परत आले होते. त्या दिवशी गोदीवर गेले होते," एवढं एक वाक्य बोललं की ती विधवा होते, दीर गप्प होतात, पोटातल्या पोरालाही बाप मिळतो. त्या वाक्यावर चारशे पानं उभी राहतील. भाची थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मांडवीच्या आजीचा नवरा पण गोदीतच गेला ना गं?" मी म्हटलं, "असं ती सांगायची."

सुरुवात कुठून करायची, तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. कॉमनवेल्थ युद्धस्मारकांची नावं ऑनलाइन फुकट शोधता येतात. फक्त नाव एकाच स्पेलिंगने टाकून थांबू नका. कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्याने इंग्रजीत लिहिलंय. आडनाव सोडून नुसतं बापाचं नाव टाका, गावाचं नाव टाका, रत्नागिरी जिल्हा टाका. मी मागच्या पावसाळ्यात चार प्रकारे टाकून पाहिलं. पाचवा प्रकार भाची बघणार आहे.