सर्टिफिकेटवर शंभर तास, आत काढले नऊ

हे लिहायला मला सात-आठ महिने लागले, कारण आपण फसलो हे सांगायची लाज वाटतेच, पण त्या भानगडीत मी स्वतः एका आजींना फसवलं आणि त्याची जास्त वाटते. तरी लिहितेय, कारण परवा मामेबहिणीने पैसे भरून हॉस्पिटलमधलं काम बघायला नेणाऱ्या एका प्रोग्रामचा मेसेज फॉरवर्ड करून विचारलं, ताई हे करू का गं, आणि वाचते तर मी फसले तोच मेसेज, तेच शब्द, आणि खाली तेच "फक्त ७ सीट बाकी". मी पैसे भरले तेव्हाही ७ च बाकी होत्या.

तर सुरुवातीपासून. आमच्या घरात हॉस्पिटल लाइनमध्ये कोणीच नाही. मला या क्षेत्रात जायचं होतं पण नर्सिंग की फिजिओ की लॅब हे ठरत नव्हतं, आणि कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या की आधी जाऊन बघ, शॅडोइंग कर. म्हणजे एखाद्या डॉक्टरच्या किंवा नर्सच्या किंवा थेरपिस्टच्या मागे दिवसभर सावलीसारखं फिरायचं, त्यांचं काम बघायचं, कशाला हात लावायचा नाही. सल्ला एकदम बरोबर होता, हे आधीच सांगते, नाहीतर वाचून कोणीतरी म्हणेल शॅडोइंगच थोतांड आहे. मी दोन ठिकाणी मेल केले, उत्तर आलं नाही, महिना गेला, आणि नेमकं तेव्हाच तो मेसेज आला. क्लिनिकल ऑब्झर्व्हेशन प्रोग्राम, १०० तास, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, आयसीयू, इमर्जन्सी सगळं दाखवणार, सर्टिफिकेट, वर सिनियर डॉक्टरांच्या सहीचं शिफारसपत्र. खाली एका सरांचा नंबर.

सर फोनवर इतके गोड बोलले की काय सांगू. बाळा म्हणाले, तुझ्यासारख्या मुलींनीच या क्षेत्रात यायला हवं म्हणाले. मग माझ्याकडून काय काय मागितलं बघा: नाव, एक फोटो, कोटाचा साइज आणि दोन हप्त्यांत पैसे. पैसे कुठल्या हॉस्पिटलच्या किंवा संस्थेच्या खात्यात नाही, एका बाईंच्या नावाच्या साध्या सेव्हिंग खात्यात, त्या म्हणे अकाउंट्सच्या मॅडम. मी शिकवण्या घेऊन साठवलेले सगळे पैसे तिकडे गेले. घरी सांगितलं नाही, कारण बाबा म्हणाले असते आधी चौकशी कर, आणि सीट तर ७ च होत्या ना.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्हाला मागच्या गेटला बोलावलं. आम्ही पाच जण होतो. आतला एक मुलगा आला, त्याच्याकडच्या पिशवीतून पांढरे कोट निघाले, घड्यांच्या रेषा तशाच, आणि सूचना अशी की कोणी विचारलं तर ट्रेनी म्हणायचं, कोणाच्या अंडर विचारलं तर सर येतायत म्हणायचं. मला तेव्हाही खटकलं होतं, खोटं कशाला बोलू. पण कोट अंगात घातला होता, आरशात बघून झालं होतं, फोटो काढून झाला होता. पहिले दोन दिवस नुसते कॉरिडॉरमध्ये उभे. स्ट्रेचर गेलं की भिंतीला चिकटायचं. तीन तासांनी घरी.

तिसऱ्या दिवशी सर्जिकल वॉर्डात नेलं. कडेच्या बेडवर एक आजी होत्या, पोटाचं ऑपरेशन झालेलं, शेजारी नातेवाईक कोणी नाही. मला बघून म्हणाल्या, "डॉक्टर, टाके कधी काढणार हो? सकाळच्या साहेबांना विचारायचं राहिलं." खरं सांगते, मला बरं वाटलं. कोणीतरी डॉक्टर म्हणालं म्हणून मी दुरुस्तच केलं नाही. मग त्यांनी आपणहून गाऊन जरासा वर करून ड्रेसिंग दाखवलं, पट्टीच्या एका कडेला पिवळट ओला डाग होता, आणि म्हणाल्या, "इथं जरा ठणकतं बघा." आणि मी, जिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, मी म्हणलं, "छान आहे आजी, बरं होतंय."

हे वाक्य मला आजही रात्री आठवतं.

एवढ्यात तो मुलगा बीपीचं मशीन घेऊन आला, म्हणाला लाव, फोटो काढतो, सर्टिफिकेटबरोबर फोटो पण देतो आम्ही. मी कफ त्यांच्या स्वेटरच्या बाहीवरूनच गुंडाळला. त्या बेडच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या, पाठीला आधार नाही, हात अधांतरी, आणि नातवाबद्दल सांगत होत्या. आकडा आला १६८/९६. आजींचा चेहरा एकदम उतरला, "एवढं? मला तर बीपी नाही कधी."

तेव्हा वॉर्डच्या सिस्टर आल्या. कोण गं तू, कोणाच्या अंडर? मी म्हणलं सर येतायत. कुठले सर? मला नावसुद्धा पूर्ण माहीत नव्हतं हो. मागे वळून बघते तर तो मुलगा गायब. सिस्टरनी माझ्यावर आवाज चढवला नाही, आधी आजींकडे वळल्या. स्वेटरमधून हात बाहेर काढला, पाठीला उशी दिली, पाय खाली स्टुलावर टेकवले, हात छातीच्या लेव्हलला उशीवर ठेवला आणि म्हणाल्या आता पाच मिनिटं अजिबात बोलायचं नाही. मग घेतलं तर १३२/८०. मशीन तेच, बाई त्याच. मग त्यांनी ड्रेसिंगची कड बघितली, काही न बोलता जाऊन ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. त्या डागाचं पुढे काय निघालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि विचारायचा मला हक्कही नव्हता.

नंतर मला नर्सिंग स्टेशनला बसवलं आणि एकामागून एक प्रश्न. हेपटायटिस बी चे डोस झालेत? तीन असतात ते, सहा महिन्यांत पूर्ण होतात, एक घेऊन आले म्हणून चालत नाही. गोवर, कांजिण्या? टीबीची तपासणी? पेशंटची माहिती बाहेर बोलणार नाही असं कुठे लिहून दिलंस? आत येताना हात धुतलेस? आणि मग, "उद्या तुला इथं सुई टोचली असती तर रजिस्टरमध्ये कोणाचं नाव लिहायचं मी?" मी रडायला लागले तर म्हणाल्या रडू नकोस, एवढंच सांग, त्या आजींना विचारलंस का, मी शिकायला आलेय, थांबू का म्हणून?

नव्हतं विचारलं.

ऑफिसात नेलं तेव्हा कळलं की आम्हा पाच जणांची तिथे कुठेच नोंद नाही, असला काही प्रोग्रामच नाही, सर नावाचा माणूस तर त्यांनी ऐकलेलाही नव्हता. लेखी जबाब घेतले, कोट काढून घेतले आणि घरी पाठवलं. खरं तर आमच्यावर तक्रार करू शकले असते.

सरांना फोन लावला तर ते शांत. गैरसमज झालाय बाळा, दुसरीकडे लावतो, तोवर उरलेले तास ऑनलाइन कर. लिंक आली, तर आत सगळे फुकट बघायला मिळणारे व्हिडिओ, त्यावर फक्त यांचा लोगो. शेवटी दहा प्रश्नांची टेस्ट, मी चिडून सगळीकडे पहिला पर्याय टिकमार्क केला, तरी "अभिनंदन, तुम्ही उत्तीर्ण झालात". दोन दिवसांनी सर्टिफिकेट, १०० तास, त्याच हॉस्पिटलचं नाव, आणि सही अशा डॉक्टरची की ज्यांचं नाव हॉस्पिटलच्या यादीत नाहीच. मी आत काढलेले तास मोजले, तीन संध्याकाळी, तीन-तीन तास, नऊ.

आता खरी लाजेची गोष्ट. ते सर्टिफिकेट मी फाडलं नाही, लॅमिनेट करून ठेवलं. म्हणलं पैसे तर गेलेच, निदान अर्जाला जोडू. मॅडमना दाखवायला गेले तर त्यांनी काय केलं, त्यावरच्या "सुपरवायझर डॉक्टर" च्या नंबरवर माझ्यासमोर फोन लावला, स्पीकर ऑन. "हॅलो, डॉक्टर बोलतोय." आवाज सरांचा. तोच गोड आवाज, फक्त जरा जाड काढलेला. मॅडमनी फोन ठेवला आणि ते सर्टिफिकेट माझ्याकडे सरकवलं, एक शब्द बोलल्या नाहीत.

माझी एक मैत्रीण अमेरिकेत मेडिकलला अर्ज करत होती, तिने सांगितलं की तिकडच्या अर्जात प्रत्येक अनुभवाचे तास आणि चौकशीसाठी माणसाचं नाव द्यावं लागतं, आणि फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट बघणारे, त्यांच्या कोर्सच्या अर्जात तर पेशंटची प्रत्यक्ष काळजी घेतल्याचे तास वेगळे आणि शॅडोइंगचे वेगळे भरतात, एकातलं दुसऱ्यात ढकललं की पकडलं जातं. तिकडच्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने २०११ मध्येच विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्यात की ट्रेनिंग नसताना परदेशात जाऊन पेशंटवर हात चालवू नका, पेशंटला धोका आहेच, वर तुमचा अर्जही त्यामुळे मागे पडू शकतो. म्हणजे मी जो बीपीचा फोटो मिरवणार होते, तोच माझ्याविरुद्ध पुरावा ठरला असता. पेशंटच्या माहितीच्या गुप्ततेचा त्यांचा हिपा कायदा तर १९९६ चा आहे. मी आजींचा चेहरा दिसणारा फोटो ग्रुपवर टाकायला निघाले होते, कल्पना करा.

बँकेत तक्रार दिली, पोलिसांना लेखी दिलं, चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. पैसे आले नाहीत. पाचातल्या दोघांनी तक्रार द्यायला नकोच म्हणलं, नाव खराब होईल म्हणून, आणि असल्या लोकांचं फावतं ते यामुळेच.

मामेबहिणीला मी पैशांवरून सावध केलं नाही, कारण काही खऱ्या जागीसुद्धा नोंदणीची किंवा ट्रेनिंगची फी घेतात. मी तिला म्हणलं, ते तुझ्याकडून पैशाशिवाय अजून काय मागतायत ते बघ. लसींचे कागद मागितले का? गुप्ततेच्या फॉर्मवर सही? तू कोणाच्या मागे असणार, त्या माणसाचं नाव आणि डिपार्टमेंट सांगितलं का? आणि हॉस्पिटलचा मेन नंबर स्वतः शोधून, त्यांनी दिलेला नाही, तिथे फोन करून विचार की असं काही तुमच्याकडे आहे का. तिने केला. अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं. माझा तो एक फोन राहिला होता.

यानंतर मी खरं शॅडोइंग पण केलं. मॅडमच्या ओळखीने नाही, फिजिओथेरपी डिपार्टमेंटला चार ओळींचं साधं पत्र लिहिलं, उत्तर नाही आलं, तीन आठवड्यांनी परत लिहिलं, मग आलं. आणि मागितलेल्या कागदांची यादी बघून मला हसूच आलं, पान भरून होती. लसींच्या तारखा, ओळखपत्र, दोन सह्या, आणि एक दिवस नुसतं ओरिएंटेशन. हात धुवायला शिकवलं तेसुद्धा घड्याळ लावून, सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६०, अंगठे विसरायचे नाहीत, सगळे अंगठेच विसरतात. फोन लॉकरमध्ये. कोट नाहीच, साधा शर्ट आणि गळ्यात बॅज, "निरीक्षक", लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात. चक्कर आल्यासारखं वाटलं तर हिरोपणा न करता सरळ खाली बसायचं हेही सांगितलं, गुडघे ताठ करून उभं राहिलं की जास्त येते म्हणे.

ज्या थेरपिस्ट ताईंच्या मागे मी होते त्यांचा पहिला तास नुसता फायली वाचण्यात आणि सिस्टरशी बोलण्यात गेला. मग स्ट्रोक झालेल्या एका काकांना बेडच्या कडेला बसवणं, फक्त बसवणं, त्याला वीस मिनिटं. एका बाजूला कलायचे, ताई खांद्याला हात लावून थांबायच्या, ढकलायच्या नाहीत, ते स्वतः सरळ होईपर्यंत थांबायच्या. नंतर त्याच्याबद्दल चार ओळी लिहायला अजून दहा मिनिटं. मेसेजमधल्या त्या ओटी-आयसीयूच्या यादीत यातलं काहीच नव्हतं, आणि मला हेच काम करायचंय हे मला तिथे कळलं.

प्रत्येक पेशंटला ताई आधी विचारायच्या, ही विद्यार्थिनी आहे, बघायला आलीय, चालेल का? बहुतेक जण हो म्हणायचे. दुसऱ्या दिवशी एक बाई नको म्हणाल्या. ताईंनी कारण विचारलं नाही, मला मानेने खूण केली, मी बाहेर आले आणि दार लागलं. बाहेरच्या बाकावर पंचवीस मिनिटं बसून होते. ताई बाहेर आल्यावर मी माझी वही पुढे करून विचारलं की ही पंचवीस मिनिटं धरायची का, तर म्हणाल्या, "बघितलंस काय तू? दार. मग कशी धरणार?" आणि पेन घेऊन त्यांनी स्वतःच त्या दिवसाचे चार तास खोडून साडेतीन केले आणि शेजारी सही केली.