सेकंडहँड होंडा सिटी (चौथी पिढी): इंजिन चांगलंच असतं, बाकीचं तपासा

वापरलेली सेडान शोधायला निघालं की जानेवारी २०१४ मध्ये आलेली चौथ्या पिढीची होंडा सिटी समोर येतेच. जुलै २०२० मध्ये पाचवी पिढी आल्यावरही ही काही काळ सोबत विकली जात होती, त्यामुळे बाजारात भरपूर गाड्या आहेत आणि निवडायला वाव आहे. पहिली पसंती कोणती, ते आधीच सांगतो: पेट्रोल, मॅन्युअल, फेब्रुवारी २०१७ च्या फेसलिफ्टनंतरची (म्हणजे याच पिढीची सुधारित आवृत्ती) आणि सर्व्हिसच्या नोंदी सलग असलेली. यातल्या चारही अटी जुळत नसतील तर फेसलिफ्टचा हट्ट सोडा, पण नोंदींचा सोडू नका.

१.५ लिटरचं आय-व्हीटेक पेट्रोल इंजिन ११९ पीएस ताकद आणि १४५ न्यूटन मीटर टॉर्क देतं. टर्बो नाही, टायमिंग बेल्टही नाही, चेन आहे. ऑइल वेळेवर बदललं असेल तर लाख-सव्वा लाख किलोमीटरला ते दमत नाही. पण गोची इथेच होते. गिऱ्हाईक आणि त्याचा मेकॅनिक बॉनेट उघडून अर्धा तास इंजिन ऐकत बसतात, ते गुळगुळीत चालतं आणि सौदा ठरतो. पुढच्या वर्षभरात पैसे जातात ते सस्पेन्शन, एसी, क्लच किंवा सीव्हीटीवर (बेल्ट-पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). आणि अपघाताचा पत्रा नीट पाहिलेला नसेल, तर विकताना पुन्हा फटका बसतो.

म्हणून इंजिनाचं काम दहा मिनिटांत आटपा. गाडी थंड असतानाच बघायची आहे, असं मालकाला आधी सांगून ठेवा आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. थंड इंजिन सुरू झाल्यावर वरून शिलाई मशीनसारखी टिकटिक आली तर घाबरू नका. या इंजिनात टपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, स्क्रूने ॲडजस्ट होतात. साधारण ४०,००० किलोमीटरला फीलर गेजने (पातळ मोजपट्ट्यांनी) तो गॅप बघायचा असतो आणि बहुतेक जण तो बघत नाहीत. काळजी उलट बाजूची आहे. ज्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं होतं, तिच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजून गॅप कमी होत जातो. आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आयडलिंगला गाडी थरथरते आणि कॉम्प्रेशन पडतं. विकण्याआधी किट काढून टाकतात, पण डिकीच्या तळाला टाकीच्या ब्रॅकेटची भोकं राहतात आणि इंजिनरूममध्ये तुटक्या क्लिपा. आरसीवरचं इंधनही वाचा.

ऑइल ०डब्ल्यू-२० ग्रेडचं, फिल्टरसह सुमारे साडेतीन लिटर लागतं. बिलांवर दर १०,००० किलोमीटर किंवा वर्षाने हेच ऑइल दिसायला हवं. स्वस्तात जाड ऑइल टाकत आलेल्या गाडीचा बाकीचा सांभाळही बहुधा तसाच असतो.

फ्युएल पंपाची चौकशी मात्र विसरू नका. पंपाच्या इंपेलरमधल्या (आत फिरणाऱ्या चक्रातल्या) दोषामुळे होंडाने भारतात तीनदा गाड्या परत बोलावल्या: जून २०२० मध्ये २०१८ च्या, एप्रिल २०२१ मध्ये २०१९-२० च्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये २०१७-१८ च्या काही गाड्या. दोष असेल तर इंजिन चालता चालता बंद पडू शकतं किंवा सुरूच होत नाही. चेसिस नंबर होंडाच्या साइटवर टाकला की गाडी त्यात आहे का, हे कळतं. काम फुकट होतं, त्यामुळे ते राहिलेलं असेल तर सौदा मोडायचं कारण नाही, पण गाडी घेतल्यावर पहिलं काम तेच.

आता सस्पेन्शन. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम अशी साधी रचना आहे आणि सुटे भाग सगळीकडे मिळतात. पण खराब रस्त्यावर चाळीस-पन्नास हजारांनंतर पुढून आवाज येणं या गाडीत नेहमीचं आहे. रेडिओ आणि एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि उखडलेल्या रस्त्यावरून १५-२० च्या वेगाने चला. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर ‘टक टक’ येत असेल तर बहुधा स्टॅबिलायझरची लिंक रॉड, म्हणजे किरकोळ काम. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्सवरून पहिल्यात टाकताना एकदाच ‘धप’ झालं तर लोअर आर्मचे बुश. उभ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवताना वर ‘कटकट’ झाली तर स्ट्रट माउंट किंवा त्याचं बेअरिंग. ठोका कानापेक्षा स्टिअरिंग धरलेल्या हातात जास्त जाणवला तर स्टिअरिंग रॅकचा संशय घ्या. तो महाग पडतो, त्यामुळे भाव तिथेच पाडून घ्या. गॅरेजवाले पुष्कळदा या सगळ्याला ‘शॉकअप गेले’ म्हणून मोकळे होतात. शॉक ॲब्सॉर्बर खरंच गेला असेल तर त्यावर ऑइलचा ओघळ दिसतो आणि बंपर दाबून सोडल्यावर गाडी एकापेक्षा जास्त वेळा डुलते.

ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर आहे. पाच माणसं आणि भरलेली डिकी असली की मोठ्या गतिरोधकाला पोट घासतं. गाडी रॅम्पवर घेऊन ऑइल चेंबर नक्की बघा. चेंबरला खोलगट ठोकर असेल तर ऑइल ओढणारी जाळी तळाला टेकलेली असू शकते. सायलेन्सरचे हँगर आणि खालची प्लास्टिकची कव्हरं नसणं मात्र किरकोळ.

एसीला वेगळा वेळ द्या. सिटीचा एसी जोरदार म्हणून ओळखला जातो, आणि म्हणूनच कमी गार लागणं हा मोठा इशारा आहे. रीसर्क्युलेशनवर दहा मिनिटं चालवून मधल्या व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर धरा. ८-१० अंशांच्या आसपास आला तर ठीक, १५ च्या वर राहिला तर गळती किंवा कॉम्प्रेसर शोधावा लागेल. ‘गॅस भरला की झालं’ हे विक्रेत्याचं नेहमीचं वाक्य. गॅस आपोआप संपत नाही, कुठून तरी जातो. कंडेन्सर समोर असल्याने सहज बदलता येतो, पण हवा गार करणारी जाळी, म्हणजे इव्हॅपोरेटर, डॅशबोर्डच्या आत बसतो. तो बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि नंतर प्लास्टिकची किरकिर मागे लागते. केबिन फिल्टर वर्षानुवर्षं बदलला नसेल तर इव्हॅपोरेटरवर ओली धूळ साचून ॲल्युमिनियम कुजतं. ग्लोव्ह बॉक्स उतरवून फिल्टर बाहेर काढा, मालकाने गाडी कशी वापरली ते तो तुम्हाला सांगेल.

मॅन्युअलचा क्लच तपासायचा तो चढावर. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमच्या आसपास पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. काटा वर पळाला आणि गाडी तिथेच रेंगाळली, तर क्लचप्लेट गेली. किटपेक्षा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी जड पडते, त्यामुळे प्लेट, प्रेशरप्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलायचं असा हिशेब धरा.

सीव्हीटी ट्रॅफिकमध्ये सुखाची आहे, मोकळ्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना नाही. पाय दाबला की आधी आरपीएम चढतात, इंजिन ओरडतं, वेग मागून येतो. ते बिघाडाचं लक्षण नाही, त्या गिअरबॉक्सचा स्वभाव आहे. बिघाड ओळखायचा तो २० ते ४० च्या वेगात, हलक्या पायाने. तिथे गाडी हलके झटके देत असेल, किंवा रिव्हर्समध्ये चढ घेताना थरथरत असेल, तर फ्लुइड थकलंय किंवा बेल्ट-पुली झिजल्यात. या सीव्हीटीला होंडाचं एचसीएफ-२ हेच फ्लुइड लागतं. एका वेळी साधारण साडेतीन लिटर निघतं, आणि ४०,००० किलोमीटरला ते बदलल्याचं बिल हवं. बिल नसेल तर सीव्हीटी घेऊ नये, माझं मत इथे पक्कं आहे. साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) टाकून चालवलेली सीव्हीटी दिसायला ठीक असते आणि काही महिन्यांत उरकते.

डिझेलविषयी थोडक्यात. १०० पीएस, २०० न्यूटन मीटर, सहा गिअर, प्रमाणित ॲव्हरेज २५ च्या पुढे. पण केबिनमध्ये आवाज आणि कंपनं जाणवतात, आणि वर्षाला १५,००० किलोमीटरपेक्षा कमी फिरणाऱ्याला इंजेक्टर, टर्बो आणि ईजीआरची (धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या व्हॉल्व्हची) जोखीम पत्करण्याचं कारण नाही. पेट्रोल मॅन्युअल शहरात ११-१२ आणि मोकळ्या रस्त्यावर १६-१७ देते. टाकी ४० लिटरची आहे, हे लांब जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पत्र्याकडे उन्हात बघा, पावसात किंवा दिव्याखाली नाही. पेंटचं गेज मिळालं तर उत्तम: मूळ रंग साधारण ८० ते १४० मायक्रॉन, २०० च्या वर म्हणजे पुन्हा रंगवलेला, ५०० च्या वर म्हणजे खाली पुट्टी. एखादा दरवाजा किंवा फेंडर रंगवलेला असणं आपल्या रस्त्यांवर साहजिक आहे. बघायचे ते आतले भाग: बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाना लागून रंग उडालेले आहेत का, ॲप्रनवरचे (बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्यावरचे) कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड शाबूत आहेत का, स्टेपनीखालच्या पत्र्याला सुरकुत्या आहेत का. पिलर (छताला धरणारे खांब) कापून जोडलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. काचांवरचं साल आणि टायरवरचा चार आकडी कोडही वाचा. ‘३२१९’ म्हणजे २०१९ मधला बत्तिसावा आठवडा. चारच वर्षं जुन्या गाडीची एक काच वेगळ्या सालाची असेल तर त्या बाजूला काय झालं, ते विचारा.

महाराष्ट्रात पुराची गाडी ओळखता यायलाच हवी. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, मुंबईत तर दर काही वर्षांनी गाड्या बुडतात. सीटचं कापड धुता येतं, पण सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ सापडते. सीटच्या रेलचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे वायरिंगचे कनेक्टर आणि स्टेपनीचा खड्डा या तीन जागी गंज किंवा बारीक माती दिसली तर तिथूनच परत फिरा. अशा गाडीत इंजिनाचं काम करून देतात, पण कनेक्टरमधला हिरवा गंज दोन पावसाळ्यांनी एअरबॅगचा दिवा लावतो आणि मग तो विझत नाही.

मीटर मागे फिरवला आहे का, हे ओडोमीटर बघून कळणार नाही. नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी काढून घ्या. मीटर ४५,००० दाखवत असेल आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलेली, पुढच्या डिस्कला नखाला लागेल एवढी धार असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) असेल तर ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ हा आकडा बघा. तो पाच-दहा किलोमीटर निघाला, तर काल कोणीतरी चेक इंजिनचा दिवा विझवला आहे.

कुटुंबासाठी गाडी म्हणून सिटीची खरी कमाई मागच्या सीटवर आहे. २६०० मिलिमीटरच्या व्हीलबेसमुळे पुढचा माणूस मागे सरकून बसला तरी गुडघे मोकळे राहतात. उंच माणसाचं डोकं मात्र छताला टेकतं. डिकी ५१० लिटरची. टायरचा आवाज आत येतो, आणि वरच्या व्हेरियंटमधलं टच पॅनेलचं एसी कंट्रोल चालवताना न बघता वापरता येत नाही. खालच्या व्हेरियंटची साधी बटणं जास्त कामाची आहेत. सुरक्षेचा भाग गंभीरपणे घ्या: २०१७ च्या फेसलिफ्टनंतरच्या सर्व व्हेरियंटला दोन एअरबॅग आहेत, सर्वात वरच्या झेडएक्सला सहा. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या (गाड्यांच्या सुरक्षेची तपासणी करणाऱ्या संस्थेच्या) धडक चाचणीत या पिढीच्या दोन एअरबॅगवाल्या गाडीला चार तारे मिळाले. ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, मात्र या पिढीत नाही. घाटात, पावसात रोजचा प्रवास असेल तर पाचवी पिढी बघा, तिच्यात ते सर्व व्हेरियंटला आहे, सोबत सहा गिअरचं मॅन्युअलही. तिचीच हायब्रिड ई-एचईव्ही ट्रॅफिकमध्ये इंधन फार वाचवते, पण बॅटरीमुळे डिकी ३०६ लिटरवर येते. दोन मोठ्या बॅगांनंतर जागा संपते.

कागदांत फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनिशी, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ पैसे देण्याआधी हातात हवेत. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला कर धरूनच भाव बोला. प्रलंबित ई-चलन नंबरवरून तपासा, ते न भरता ट्रान्सफर अडकते. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचाच राहतो, त्यामुळे ‘पॉलिसीवर पन्नास टक्के बोनस आहे’ म्हणून कोणी भाव वाढवत असेल तर ऐकू नका. शेवटी दुसरी किल्ली मागा. इमोबिलायझरमुळे (चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलुपामुळे) नवी किल्ली गाडीला कोड करावी लागते, आणि एकच किल्ली असलेल्या गाडीची दुसरी कोणाकडे आहे, याचं उत्तर मिळाल्याशिवाय टोकन देऊ नका.