वर्षभर वापरलेली मूल्यमापन नोंदवही : पाचवीच्या वर्गशिक्षिकेचा अभिप्राय

गेल्या जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकातील एका दुकानातून मी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची छापील नोंदवही १६० रुपयांना घेतली आणि पुण्यातील एका अनुदानित मराठी शाळेच्या पाचवीच्या वर्गासाठी, ४३ मुलांच्या पटावर, निकाल लागेपर्यंत ती वापरली. त्या दिवसांत चौकात पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे वही नीट चाळून न पाहताच पैसे दिले आणि तो उतावीळपणा पुढे चांगलाच भोवला. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण सहकाऱ्यांच्या हातातील वेगवेगळ्या प्रकाशनांच्या वह्या पाहिल्या, तर पुढे सांगितलेले गुणदोष थोड्याफार फरकाने त्यांतही दिसतात.

या वह्यांचा आराखडा २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयावरून आला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमाने मुलाच्या आकलनाचे सातत्याने आणि सर्व बाजूंनी मूल्यमापन करणे बंधनकारक केले आणि या निर्णयाने त्याची रीत ठरवून दिली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर अशी आठ साधने आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनासाठी, तर सत्राअखेर संकलित मूल्यमापन, म्हणजे त्या सत्राची परीक्षा, ही विभागणी शिक्षकांना तोंडपाठ आहे. वहीत प्रत्येक विषयाला या आठही साधनांचे रकाने आहेत. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना संकलित मूल्यमापन नसते, हे लक्षात ठेवून त्यांची पाने निराळी आखली आहेत, ही गोष्ट चांगली.

या वहीचे खरे बळ मात्र दैनंदिन निरीक्षणाच्या पानांत आहे. प्रत्येक मुलाला एक पूर्ण पान दिले असून त्यावर तारीख, विषय आणि नोंद एवढेच तीन रकाने आहेत; गुणांना जागाच नाही. सुरुवातीला मला हे पान म्हणजे कागदाची नासाडी वाटली होती. ऑक्टोबरमध्ये गणिताच्या चाचणीत दोन मुलींना २० पैकी १२ गुण मिळाले, तेव्हा त्या पानाचा उपयोग कळला. एकीच्या पानावर मी तीन वेळा ‘भागाकारात हातचा विसरते’ अशा अर्थाची नोंद केली होती. म्हणजे तिला रीत येत होती, घाई नडत होती. दुसरीच्या पानावर ‘दोन सप्तमांश अधिक तीन सप्तमांश बरोबर पाच चतुर्दशांश’ हे तिचे फळ्यावरचे उत्तर उतरवून ठेवले होते. तिला बेरीज येत होती, पण छेद म्हणजे काय, हेच उमगलेले नव्हते. गुणांच्या रकान्यात या दोघी जुळ्या दिसतात. पहिलीला उदाहरण पुन्हा तपासण्याची सवय लावणे पुरले. दुसरीला कागदाच्या पट्टीचे घड्या घालून सात सारखे भाग करायला लावून अपूर्णांक पहिल्यापासून शिकवावा लागला. दिवाळीनंतरच्या पालकसभेत तिच्या वडिलांनी विचारले, ‘‘बाई, ब-२ मिळाली म्हणजे तिला नेमके काय येत नाही?’’ ब-२ म्हणजे ६१ ते ७० टक्के, एवढेच श्रेणीतक्ता सांगतो. मी ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले.

आता दोष. पाचवी-सहावीला आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचा भारांश, म्हणजे एकूण गुणांतला वाटा, निम्मानिम्मा असतो. माझ्या वहीत मात्र परिसर अभ्यासाच्या पानावर तिसरी-चौथीचा ६०-४० हा भारांश छापून आला होता आणि ही चूक माझ्या लक्षात येईपर्यंत अर्ध्या वर्गाचे गुण भरून झाले होते. संपूर्ण पान खोडून नव्याने मांडावे लागले, ते पाहून मुख्याध्यापकांनी शेरा मारला तो वेगळाच. दुसरे म्हणजे २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आणि अनुत्तीर्ण मुलासाठी पुनर्परीक्षेची तरतूद झाली, तरी वहीतील दुसऱ्या सत्राची पाने जुन्याच पद्धतीची आहेत. पुनर्परीक्षेची नोंद मला समासात करावी लागली. बांधणीही साधारणच असून जानेवारीतच मधली पाने सुटली. जाड दोरा आणि दाभण घेऊन ती मी घरी शिवली.

सर्वांत मोठी तक्रार शेवटच्या आठ पानांबद्दल आहे. विशेष प्रगती, आवड व छंद आणि सुधारणा आवश्यक या वर्णनात्मक नोंदींसाठी तेथे शेकडो तयार वाक्ये छापली आहेत. ‘अक्षर वळणदार आहे’, ‘वर्गकार्य वेळेवर पूर्ण करतो’, ‘गटकार्यात सहभागी होतो’ अशा त्या वाक्यांपैकी एकही चुकीचे नाही आणि एकही कोणत्या एका मुलाचे नाही. पहिल्या सत्राच्या अखेरीस प्रगतिपत्रके भरताना मीही तीच उचलली. नंतर मोजले, तेव्हा ४३ पैकी १९ मुलांच्या प्रगतिपत्रकावर माझ्या हस्ताक्षरात एकच वाक्य होते. निरीक्षणाच्या पानावर वर्षभर कमावलेले या आठ पानांवर एका रात्रीत घालवता येते, हे लक्षात आल्यावर दुसऱ्या सत्रात मी त्या पानांना स्टेपलर मारला. यंदा दुकानात ‘ही पाने नसलेली वही आहे का’ असे विचारले, तर ‘‘मॅडम, ती पाने बघूनच तर शिक्षक वही घेतात,’’ असे उत्तर मिळाले. त्यांच्या विक्रीचा अनुभव मी खोटा ठरवू शकत नाही.

शाळेने मध्यंतरी दोन महिने मोबाइलवरील एक ॲप वापरून पाहिले होते. बेरजा आणि श्रेणी त्यात आपोआप होतात, तो वेळ खरोखर वाचतो, पण नोंदीच्या जागी निवडीची यादीच पुढे येते. म्हणजे तीच आठ पाने, फक्त पडद्यावर. तासिका चालू असताना मोबाइल हातात घेणेही मला रुचले नाही.

यंदा मी हीच वही पुन्हा घेतली आहे, ती केवळ निरीक्षणाच्या पानांसाठी. घेण्यापूर्वी दुकानातच प्रत्येक विषयाच्या पानावरचा भारांश आपल्या इयत्तेशी ताडून पाहावा आणि जमल्यास दुपारी दोनच्या सुमारास जावे, तेव्हा गर्दी थोडी कमी असते.