तिबेटी स्वेटरवाल्यांचा बाजार: पाचपैकी चार तारे

दिवाळी झाली की नागपुरात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. मी तिसऱ्या वर्षी त्याच मावशींकडून घेतोय, म्हणून लिहितो.

आधी माल. बाबांसाठी चेनवाला करडा स्वेटर घेतला, ९५० रुपये. भाव फिक्स. घासाघीस केली तर मावशी हसतात, आकडा हलत नाही. दोनदा धुतला, आकार गेला नाही. काखेत मात्र गोळे धरले. एक तारा तिथेच कापला. "हातानं विणला का?" विचारलं तर सरळ सांगतात, "नाही जी, लुधियान्याचा माल आहे."

त्यांची बोली ऐकून नवं गिऱ्हाईक चक्रावतं. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. मावशी तिथल्याच. पावसाळ्यात शेती, हिवाळ्यात स्वेटर. "काहून जी, बाही लांब होऊन राहिली का?" हे पुण्यात वाढलेल्या माझ्या बायकोला दोनदा ऐकावं लागलं.

मागच्या रविवारी एका गृहस्थांना दोनशे कमी करून हवे होते. झाले नाहीत. "मग चीनमध्ये जाऊन विका," म्हणाले. मावशींनी तो स्वेटर उचलला, बाह्या आत दुमडल्या, घडी घातली, थप्पीवर ठेवला. बोलल्या काही नाही.

पहिल्या वर्षी कोणी पोरानं "ए चिंकी" म्हटलं होतं, तेव्हा मी मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं. या वेळी शेजारचा चहावाला बोलला, "काका, यांचे मायबाप चीनपासूनच जीव वाचवून आले. अन् मावशी तर गोंदियाच्या." मग मलाही कंठ फुटला: "भाव पटत नसेल तर सरका, मागे लोक आहेत." गृहस्थ पुटपुटत गेले. मागच्या काकूंनी त्यांची जागाही लगेच घेतली.

मावशी गप्प का राहतात, ते मला उशिरा कळलं. इथे जन्मलेल्या कित्येक तिबेटींकडेही परदेशी म्हणून नोंदणीचा कागद असतो, 'आरसी'. तो वेळोवेळी नवा करून घ्यावा लागतो. बाचाबाची झाली तर कागद आधी कोणाचे मागतील? गिऱ्हाईक तुटण्याची भीती वेगळीच. आपलं काय जातं? रांगेतल्या एकानं दोन वाक्यं बोलायची, तेही न ओरडता. चहावाल्याला दहा सेकंद लागले असतील, हातातली गाळणीही त्यानं खाली ठेवली नव्हती.

बाकी सूचना: आरसा एकच आणि तडकलेला. संध्याकाळी फार गर्दी, दुपारी जा. मापं लहान येतात, एक नंबर मोठं घ्या. बाबांना एक्सेल पोटावर घट्ट झाला. बदलायला परवा जातोय. बिल नाही, पण मावशी म्हणाल्या, "धुतला तरी आणा जी, पाहू."