ल्यों की तुलूझ? घरी चार माणसं जेवायला बोलावणाऱ्यांसाठी

फ्रान्समध्ये नोकरी पक्की झाली आणि शहर निवडायची मुभा असली, की पगार, भाडं आणि शाळा यांचा हिशेब आधी मांडला जातो. तो मांडावाच. पण ज्यांच्या घरी माणसांची ये-जा असते, ज्यांना सुट्टीच्या सकाळी पिशवी घेऊन बाजारात रमायला आवडतं, त्यांनी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. माझं मत आधीच सांगते: शाकाहारी घराला ल्यों, अंगणात मैफल जमवणाऱ्यांना तुलूझ.

ल्योंला फ्रान्सची खाद्यराजधानी म्हणतात, पण शाकाहारी माणसाने हुरळून जाऊ नये. तिथल्या ‘बुशों’ या जुन्या खाणावळींत आतड्यांची आंदुयेत आणि पाइक माशाची कनेल हीच शान. तुलूझचं कासुले म्हणजे घेवड्याच्या पांढऱ्या दाण्यांची, बदकाचं मांस आणि सॉसेज घालून तासन् तास शिजवलेली भाजी. मांसाहारी असाल तर दोन्हीकडे चैन आहे. बाहेर खाणाऱ्या शाकाहाऱ्याची दोन्हीकडे पंचाईत.

फरक पडतो तो घरच्या स्वयंपाकात. ल्योंच्या क्रुआ-रूस टेकडीवरच्या बुलेवारवर मंगळवार ते रविवार सकाळी बाजार भरतो. शेतकऱ्यांची भाजी, साय, लोणी आणि फ्रोमाज ब्लाँ तिथे ताजं मिळतं. हे फ्रोमाज ब्लाँ म्हणजे ओला, सैल, ताज्या चीजचा प्रकार. रात्रभर मलमलच्या कापडात टांगून ठेवा, सकाळी आपला चक्काच हातात येतो. साखर, वेलची, केशर घातलं की श्रीखंड तयार. ल्योंचे लोक त्याच फ्रोमाज ब्लाँमध्ये लसूण, कांद्याच्या जातीची शॅलट, हिरवी पात, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर घालून ‘सेर्वेल द कान्यु’ करतात आणि पावाला लावून खातात. पाहुण्यांसमोर दोन्ही वाट्या शेजारी ठेवून पाहा, गप्पा आपोआप सुरू होतात. कडक शाकाहारी असाल तर लेबल मात्र वाचा, कारण कोंतेसारख्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, असतं. डाळी-मसाल्यांसाठी गियोतिएर भागातली दुकानं आहेत.

तुलूझला व्हिक्टर ह्यूगो बाजार उत्तम आहे. खाली खरेदी करून दुपारी वरच्या मजल्यावर जेवता येतं. रविवारी सँत-ओबँ चर्चभोवतीचा बाजार स्वस्त आणि मोकळाढाकळा. पण दुधदुभत्यात ल्योंची सर नाही.

आता घर. क्रुआ-रूसमधली रेशीम विणकरांची घरं मला फार प्रिय आहेत. नक्षीदार कापड विणणारे जाकार माग मावावेत म्हणून त्यांची छतं जवळपास चार मीटर उंच बांधली. खोली मोठी, उजेड भरपूर, दहा माणसांचं टेबल सहज बसतं. अडचण एवढीच, की जुन्या इमारतींना बऱ्याचदा लिफ्ट नसते. तुलूझला एअरबसमध्ये काम करणारे कोलोमिए, ब्लान्याक अशा उपनगरांत राहतात, तिथे बागेचं घर मिळू शकतं. उन्हाळ्यात तिथला ‘आपेरो’, म्हणजे जेवणाआधीची पेयं आणि चटकमटक खाण्याची बैठक, संध्याकाळी सुरू होतो आणि जेवणापर्यंत लांबतो.

पाहुणचाराची रीत दोन्हीकडे एकच. फ्रेंच पाहुणा वेळेच्या पंधरा मिनिटं उशिरा येतो, ती सभ्यता आहे. सगळं एकदम ताटात वाढलंत तर तो गांगरतो. क्रमाने वाढा आणि चीज गोडाच्या आधी ठेवा. त्यांच्या घरी जाताना शेवंतीची फुलं नेऊ नका, ती थडग्यांवर वाहतात.

वारशाच्या बाबतीत निवड खरंच कठीण. ल्योंचं जुनं शहर 1998 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. ‘त्राबुल’ म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणाऱ्या वाटा. लोक आत राहतात, म्हणून हळू बोलत जायचं. 8 डिसेंबरला घरोघरी खिडक्यांत दिवे लागतात, ही प्रथा 1852 पासूनची. तुलूझकडे 1666 ते 1681 या काळात खणलेला, 240 किलोमीटरचा कानाल द्यु मिदी हा कालवा आहे, शिवाय गुलाबी विटांचं सगळं शहर. ओतेल दासेझासारखे वाडे पास्तेल या निळ्या रंगाच्या व्यापारावर उभे राहिले. पुढे भारतातून येणाऱ्या निळीने तो व्यापार बुडवला. भारतीय माणसाने ओतेल दासेझाचं अंगण एकदा तरी पाहावं.

भारतातून आई-वडील येणार असतील तर हेही लक्षात घ्या: पॅरिसहून ल्यों टीजीव्ही या वेगवान रेल्वेने दोन तासांवर, तुलूझला चार तासांहून जास्त लागतात. ठरवण्याआधी दोन्ही शहरांत एक-एक रविवार काढा, सकाळी बाजारातून सामान आणा आणि घर पाहताना दलालाला विचारा: इथे दहा जणांचं टेबल कुठे लागेल?