लाईट आली की आप्पांचा फोन वाजतो

आमच्या द्राक्षबागेला थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की आप्पा बारापासून जागे, कारण वेळेवर येईल याचा भरवसा नाही. मी पुण्यात सर्व्हरचीच कामं करते, तेव्हा यावर काहीतरी करायचंच ठरवलं. तासगावजवळच्या मळ्यात स्टार्टरपेटीशेजारी ईएसपी३२ हा वायफाय असलेला छोटा बोर्ड बसवला. तिन्ही फेज आल्या की तो माझ्या सर्व्हरला कळवतो आणि आप्पांचा फोन वाजतो. मधलं सगळं काम एनटीएफवाय (ntfy) ही फोनवर नोटिफिकेशन पाठवणारी प्रणाली करते. उच्चार मात्र 'नोटिफाय'.

हे ओपन सोर्स आहे, फुकट आहे. बोर्डाकडून एक साधी एचटीटीपी पोस्ट, म्हणजे वेबवरून पाठवलेली एक छोटी विनंती, पुरते. फोनमधलं ॲप सर्व्हरशी कनेक्शन उघडंच ठेवतं, त्यामुळे दर मिनिटाला 'काही आलं का' विचारत बसावं लागत नाही. मला सगळ्यात आवडली ती १ ते ५ प्रायॉरिटी. 'लाईट आली' ५ वर, आप्पांनी स्वतः निवडलेल्या मोठ्या आवाजात. 'लाईट गेली' ३ वर.

सुरुवातीला दोन रात्री फोन वाजलाच नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, पाहिलं तर मेसेज १:४० ला निघालेला. फोननं बॅटरी वाचवायला ॲप बंद केलं होतं. ॲपपुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन काढलं आणि तो त्रास संपला. हे आधी करा. सर्व्हर स्वतःचा असेल तर अँड्रॉइडवर एक नोटिफिकेशन कायम वर दिसत राहतं. आप्पा ते सारखे पुसायला जायचे. शेवटी सांगितलं, "आप्पा, ते दिसतंय तोवर फोन जागा आहे."

रेंज गेली तरी मेसेज हरवत नाही, सर्व्हर तो १२ तास धरून ठेवतो.

स्वतःच्या ऐवजी एनटीएफवायचा सार्वजनिक सर्व्हर वापरणार असाल तर एक सांगते: मेसेज ज्या नावाखाली जातात तो टॉपिक, आणि तिथे टॉपिकचं नाव हाच पासवर्ड. 'मळा' असलं नाव ठेवलंत तर कुणीही वाचेल, कुणीही पाठवेल. मध्यरात्री मोटरीपाशी जायचं ते या मेसेजच्या भरवशावर, म्हणून मी स्वतःच्या सर्व्हरवर सगळ्यांना प्रवेश बंद ठेवून बोर्डाला वेगळं टोकन, म्हणजे प्रवेशाची किल्ली, दिलं. आयफोनला स्वतःचा सर्व्हर एकटा पुरत नाही, ॲपलच्या सेवेतूनच जावं लागतं. त्याची सेटिंग केली नाही तर मेसेज उशिरा येतात.

परवा सकाळी आप्पांचा फोन आला. "दोनला वाजला गं. तोवर गाढ झोप लागली होती."