आई-बाबांसाठी परसात घर, की गॅरेजमध्ये खोली?

बे एरियातल्या मराठी घरांत हा विषय साधारण तिकिटं काढायच्या सुमारास निघतो. आई-बाबा सहा महिने येणार, मुलं आपल्या खोल्या सोडणार नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, मागे आऊटहाऊसच बांधून टाकू. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात त्याला 'एडीयू' (अॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट, म्हणजे मूळ घराला पूरक असं छोटं घर) म्हणतात. त्याचं धाकटं भावंड 'जेएडीयू' (ज्युनियर एडीयू), म्हणजे मूळ घराच्याच भिंतींच्या आत काढलेली, जास्तीत जास्त ५०० चौरस फुटांची जागा. घराला जोडलेलं गॅरेजही त्यात चालतं.

एडीयूच्या बाबतीत राज्याचा कायदा शहराच्या नियमांना वरचढ ठरतो. पुण्यात एफएसआय संपला की बोलणंच खुंटतं. इथे प्लॉटवरची बांधकामाची मर्यादा संपली असली, तरी उंचीचा नियम पाळून आणि बाजूच्या-मागच्या हद्दीपासून ४ फूट सोडून ८०० चौरस फुटांचं एडीयू शहराला नाकारता येत नाही. अर्ज परिपूर्ण असेल तर ६० दिवसांत निकाल. जाहीर सुनावणी नसते, त्यामुळे शेजारी नाक मुरडत राहिला तरी काम अडत नाही.

जागा ७५० चौरस फुटांपेक्षा कमी असेल तर शहराचं इम्पॅक्ट शुल्क (नव्या बांधकामामुळे सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या भारापोटी घेतलं जाणारं) माफ. म्हणूनच ७४९ चौरस फुटांचे नकाशे इतके दिसतात! शाळांचं शुल्क मात्र वेगळं लागू शकतं. घरपट्टीची भीती फार घेऊ नका. मतदारांनी १९७८मध्ये मंजूर केलेल्या 'प्रॉप १३' या कायद्यामुळे करासाठीच्या मूल्यात फक्त नव्या बांधकामाच्या किमतीची भर पडते, जुन्या घराचं मूल्यांकन नव्याने होत नाही.

जेएडीयू त्या मानाने बऱ्याच स्वस्तात होतं, कारण पाया, भिंती, छप्पर आधीच उभं असतं. बाहेरून वेगळं दार आणि छोटं स्वयंपाकघर हवं. बाथरूम मूळ घरासोबत सामाईक चालतं. इथेच मी थांबून विचार करीन. रात्री दोनदा उठणाऱ्या बाबांना सामाईक बाथरूम किती लांब पडेल? शिवाय बाथरूम सामाईक असेल तर मालकाला त्याच घरात राहावं लागतं. उद्या नोकरीसाठी सिअॅटलला गेलात, तर ही अट आड येईल. एडीयूला ती अट नाही.

मधला मार्ग म्हणजे परसातलं सुटं गॅरेज. ते एडीयूत बदललं तर कुंपणाला चिकटून असलं तरी चालतं, आणि गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात दुसरी जागा दाखवावी लागत नाही. पण सांडपाण्याच्या पाइपाला उतार मिळतो का, हे नकाशा काढण्याआधी प्लंबरकडून बघून घ्या. न मिळाल्यास फरशी फोडण्यात सगळी बचत जाते.

आई-बाबा परतल्यावर उरलेले सहा महिने तिथे कोण राहणार, यावर माझ्या मते निवड ठरते. कुणीच नाही, तर जेएडीयू पुरे. भाडेकरू ठेवायचा असेल तर वेगळं बाथरूम असलेलं एडीयू बांधा. पण राज्याच्या सवलतीत बसवलेलं ८०० फुटी एडीयू ३० दिवसांहून जास्त मुदतीनेच भाड्याने देता येतं, पर्यटकांना दोन रात्रींसाठी नाही. पुढेमागे विकायचा विचार असेल, तर आपल्या शहराचा नियम पाहा: सॅन होजेने २०२४मध्ये एडीयू काँडोसारखं, म्हणजे स्वतंत्र मालकीच्या फ्लॅटसारखं, वेगळं विकायची मुभा दिली. जेएडीयू मूळ घरासोबतच विकावं लागतं.